गडगा उंच करू नकोस

वेंगुर्ले

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा आमच्या पडवीत बसून तू तुझ्या गेममधले गाव दाखवलेस, तेव्हा शेजारच्या मुलाने त्यात केलेला उद्योग तुझ्या मनाला लागला, हे मला दिसले. देवळाची किल्ली मिळावी म्हणून तू तीन कामांची साखळी रचली होतीस. त्याने मासळीचे क्रेट एकावर एक ठेवले, गडग्यावरून कौलांवर चढला आणि सरळ गाभाऱ्यात उतरला. गडगा उंच करावा की क्रेट हलूच देऊ नयेत, असे तू रात्री विचारलेस. दोन्ही करू नकोस. खेळाडूला सापडलेली वाट बुजवू नये.

नुसता नकाशा मोठा केल्याने जग खुले होत नाही, हे तुला वेगळे सांगायला नको. १९८४ सालच्या 'एलिट' या अंतराळातल्या संगणक-खेळात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते खरे, पण त्याची मोहिनी होती ती व्यापार करावा की चाचेगिरी, हे खेळणाऱ्यावर सोडण्यात. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळात विजेची कोडी आहेत. वीज पुढे नेण्यासाठी तिथे धातूचे ठोकळे ठेवलेले असतात; परंतु धातूतून वीज वाहते हा नियम त्या जगातल्या सगळ्याच धातूला लागू असल्यामुळे, ठोकळ्यांकडे ढुंकूनही न पाहता खेळाडू आपल्याजवळच्या तलवारी जमिनीवर ओळीने मांडतात आणि दार उघडते. त्याच खेळात वादळात अंगावरचे धातूचे शस्त्र ठिणग्या टाकू लागले की ते शत्रूच्या पायाशी भिरकावून वीज त्याच्यावर पाडता येते. नियम मोजके, पण ते सर्वांना सारखे लागू, एवढेच त्यामागचे इंगित आहे.

मी हे शहाणपण फार उशिरा शिकलो. पुण्यात असताना आमच्या एका खेळात घोड्याच्या पाठीवरून उडी मारून बुरुजावर जाता येते, असे चाचणीला आलेल्या एका मुलीने शोधून काढले, आणि मी त्याच रात्री तिथे अदृश्य भिंत घातली. दुसऱ्या दिवशी ती चार वेळा तिथे आपटली. त्यानंतर तिने कुठेही उडी मारून पाहिली नाही. बाण दाखवील तिकडे ती मुकाट्याने चालत राहिली. मुदत जवळ आली होती, पैसे घालणाऱ्यांना दरवाज्यावरची लढाई प्रत्येकाने पाहायलाच हवी होती, आणि ती लढाई मी चार महिने खपून उभी केली होती. ही सबब नव्हे. बरे, थोडीशी सबबच आहे; माझ्या जागी तूही तेच केले असतेस. परंतु तुला आज मुदत नाही, मालक नाही, तरी तू भिंत मागतोस, याचा मला राग येतो.

कथा बिघडते म्हणतोस? बिघडू दे. वाट बुजवू नकोस, तिची किंमत ठरव. मंगलोरी कौल पायाखाली फुटते, आणि पावसाआधी घर शाकारणारा माणूस वाशाच्या रेषेवरच पाय टाकतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. मग तुझ्या खेळातले कौलही फुटू दे, आवाज होऊ दे, सकाळी गुरवाला गाभाऱ्यात कौलांचा चुरा दिसू दे आणि त्याने गावात बोभाटा करू दे. ज्याला वासे ओळखता येतील तो बिनबोभाट उतरेल. त्याची ती कमाई आहे. असा एक नियम तुझ्या तिन्ही कामांना भारी पडेल.

आणि ती खाडी! पूल बांधून होईपर्यंत पलीकडे जाता येत नाही, असा फलक तू तिथे लावला आहेस. खाडीकाठी वाढलेल्या मुलाने असा फलक लावावा? भरती-सुकती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. एवढे गणित घातलेस की कोणी होडी शोधील, कोणी सुकतीची वेळ पाहत काठावर बसेल, आणि एखादा पाणी चढताना अध्येमध्ये अडकेल. अडकू दे त्याला.

येत्या अमावास्येला ये. उधाण असल्याने सुकतीही मोठी असेल. संध्याकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आपण खाडीत उतरू आणि पाणी कुठवर लागते ते पाहू. लॅपटॉप आणू नकोस.