परदेशात खणायला चाललीयस ना, मग आधी हे वाच

प्रिय बाळा,

तुझं सिलेक्शन झाल्याचा मेसेज वाचला, इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसलो. आपल्या नागपूरची पोरगी ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ, म्हणजे रोमनांच्या जुन्या सीमाभिंतीजवळ, रोमन साइटवर फील्ड स्कूलला, म्हणजे प्रत्यक्ष खणून शिकायला, जाऊन राहिली, अजून काय पाहिजे! तू विचारलंस की सर तिथे मला काय सापडेल. कदाचित काहीच नाही. कितीतरी विद्यार्थी पूर्ण सीझन एका खड्ड्यात नुसती माती काढतात आणि चार खापरं, थोडी हाडं घेऊन परत येतात, आणि तरी सगळ्यात जास्त तेच शिकलेले असतात. त्यामुळे हा प्रश्न इथेच सोडून जा आणि मातीकडे लक्ष दे.

पहिलं म्हणजे तिथे मजूर नसतात. आपल्याकडे खणायचं बहुतेक काम मजूर करतात, आपण वही, लेबल, टेप सांभाळतो. तिथे टिकाव तुझा, फावडं तुझं, माती भरलेली ढकलगाडी पण तुझीच, आणि वरून पाऊस. पण याचा फायदा फार मोठा आहे गं, कारण माती बदलली हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं, थापी अचानक मऊ जाते किंवा खर्र वाजते, आणि ते दुसऱ्याला खणताना पाहून कधीच येत नाही.

दुसरं, तिथली पद्धत पाहून गोंधळशील. आपण चौकोनी ट्रेंच, म्हणजे खड्डे, घेतो आणि मध्ये बॉल्क, म्हणजे न खणलेल्या मातीची भिंत, सोडतो, ही मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाची देणगी, १९४४ मध्ये तो भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्याने आपल्या लोकांना ट्रेनिंग दिलं, पुढच्या पिढ्या त्यावरच घडल्या. ब्रिटनमध्ये आता बहुतेक ठिकाणी मोठा भाग सलग उघडतात, आणि प्रत्येक थराला, प्रत्येक भिंतीला वेगळा नंबर देऊन वेगळी शीट भरतात. खड्ड्याला तर दोन नंबर! कारण खड्डा खणला ही एक घटना आणि तो भरला ही दुसरी, मध्ये कदाचित कितीतरी वर्षं गेलेली असतात. मग कोण आधी कोण नंतर याचा तक्ता करतात, त्याला हॅरिस मॅट्रिक्स म्हणतात, एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये तयार केलेला. जाण्याआधी एकदा कागदावर करून बघ, तिथे नुसतं ऐकून डोक्यात शिरत नाही.

आणि सुट्टीच्या दिवशी विंडोलँडाला, त्याच भिंतीजवळच्या रोमन किल्ल्यावर, नक्की जा. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत चामड्याचे बूट टिकले, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकली, १९७३ पासून ती सापडतायत. हवा लागली की अक्षरं पुसट होत गेली म्हणून इन्फ्रारेड फोटो काढून वाचावी लागली. त्यात एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलंय, सुमारे इ. स. १०० मधलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे बघून आपल्याकडे असं काहीच कसं नाही असं मनात येईल. तेव्हा आपली काळी माती आठव. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, या आपल्या नागपूरकडच्या लोहयुगातल्या साइट, सगळीकडे लोखंडाच्या कुऱ्हाडी मिळाल्या, मणी मिळाले, पण लाकडी दांडे, चामडं, कापड हे सगळं कुजून गेलं. वर उन्हाळ्यात आपल्या जमिनीला हातभर भेगा पडतात आणि वरचं खापर सरळ खालच्या थरात जातं. म्हणजे आपली माणसं कमी नव्हती, माती वेगळी होती. हे तिथे कुणी शिकवणार नाही, तुलाच दोन्हीकडचं शेजारी ठेवून पाहायचंय, म्हणून जाण्याआधी नागपूरजवळच्या जुनापाणीला जाऊन ये, तिथली शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळं, कितीदा पाहिली असलीस तरी.

फोटो टाकायची घाई करू नकोस, विचारल्याशिवाय तर नाहीच. जागा कळली की रात्री मेटल डिटेक्टर घेऊन येणारे चोर तिकडे पण आहेत. हाडं निघाली तर सेल्फी अजिबात नाही, ते कुणाचं तरी माणूस आहे. आणि आठवण म्हणून छोटंसं खापर सुद्धा खिशात टाकायचं नाही.

बूट आत्ताच घे, पुढून स्टील असलेले, आणि घरात घालून फिर नाहीतर पहिल्याच आठवड्यात फोड येतील. धनुर्वाताचं इंजेक्शन, गुडघ्याचे पॅड, खरा रेनकोट, आपल्या बाजारातला पातळ नको. फी भरायच्या आधी राहणं-जेवण त्यात धरलंय का हे ईमेलवर लिहून घे, बाबांनी एफडी मोडलीय म्हणालीस म्हणून सांगतोय. आणि त्यांच्या त्या शीटचा एक कोरा नमुना मागून आण, पुढच्या सीझनला आपल्या ट्रेंचवर मराठीत करून वापरून बघू.

तुझा,
सर