बाळंतीण झोपतेय का, ते आधी सांगा

मागच्या वेळी बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर लिहिलं आणि तेव्हापासून मोबाईलला दम नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून मेसेज. त्यातले बरेचसे वाचले तर ते डिप्रेशन नाहीच, दुसरंच आहे: पोस्टपार्टम सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतर खरं काय नि भास काय हेच कळेनासं होणारा आजार. आणि ते दुसरं जास्त घाईचं आहे. घरचे सगळ्यालाच 'डिप्रेशन' म्हणतात, नाहीतर सगळ्यालाच 'बाहेरचं'. म्हणून यावेळी फक्त प्रश्न घेते. नावं काढून टाकलीत.

बहिणीची डिलिव्हरी होऊन चार दिवस झाले. सारखी रडते, मग पाच मिनिटांनी हसते. वेड लागतंय का? (पाचोरा)

नाही हो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बाळंतिणी रडतात, आपोआप थांबतं. दोन आठवड्यांनंतरही चालूच राहिलं किंवा मरणाचं बोलायला लागली तर मात्र थेट डॉक्टर.

बायको माहेरी आहे, आज आठवा दिवस. तीन रात्री झोपली नाही पण थकल्यासारखी वाटत नाही. रात्री तीनला उठून सगळी भांडी घासली. म्हणते दवाखान्यात बाळ बदललं. फोनवर माझ्याशी कधी कधी एकदम नीट बोलते. सासूबाई म्हणतात सव्वा महिना होऊ द्या, मग दाखवू. मी सुरतला कामाला आहे. (शिरपूर)

यांना मी त्याच संध्याकाळी फोन लावला, कॉलमची वाट बघण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

फोनवर अजून एक गोष्ट कळली. बाळाच्या पायाला दवाखान्यात बांधलेली पट्टी तिने उशीखाली जपून ठेवली होती, आणि दर थोड्या वेळाने ती काढून त्यावरचा नंबर डिस्चार्ज कार्डाशी ताडून बघायची. नंबर जुळायचा, तरी पटायचं नाही. घरच्यांना वाटलं पोरगी फार काळजी घेते बाळाची. मला ते ऐकूनच घाम फुटला.

हाच तो पोस्टपार्टम सायकोसिस. हजार बाळंतिणींमधे एक-दोघींना होतो, म्हणजे दुर्मिळ, पण खान्देशात वर्षाला बाळंतपणं किती होतात ते बघा, मग कळेल की दरवर्षी बऱ्याच घरांत हे घडतंय आणि बहुतेक घरं लपवतायत. सुरुवात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि एकदम. काल ठीक होती, आज नाही. आणि पहिली खूण बहुतेक वेळा झोपेची असते. आता झोप म्हटलं की लोक म्हणतात मॅडम, बाळंतिणीला कुठे झोप असते. अहो, बाळ रडतं म्हणून झोप मोडते ती वेगळी गोष्ट. इथे बाळ आजीजवळ गाढ झोपलंय, खोलीत अंधार आहे, पंखा चालू आहे, तरी हिचा डोळा लागत नाही, आणि सकाळी थकवा पण नाही, उलट अंगात वारं भरल्यासारखी बोलतेय, आवरतेय, शंका घेतेय. ही दुसरी गोष्ट दिसली की त्याच दिवशी गाडी काढायची.

फोनवर नीट बोलते यावर तर अजिबात जाऊ नका. या आजाराचा स्वभावच असा आहे, सकाळी दहाला शहाण्यासारखं बोलेल, दुपारी दोनला आईला ओळखणार नाही, संध्याकाळी परत हसून चहा मागेल. तेवढ्या अर्ध्या तासाच्या शहाणपणावर घरचे दोन दोन आठवडे काढतात. आणि हो, कधी कधी आमच्याच डॉक्टर मंडळींकडूनही 'होतं असं, आराम करू द्या' असं ऐकून लोक परत जातात, याचा मला भगतापेक्षा जास्त राग येतो.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचं? तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, एक मिनिट पण नाही. ती वाईट आई आहे म्हणून नाही, तर तिच्या डोक्यात यावेळी जे चाललंय ते तिच्या हातात नाही म्हणून. क्वचित पण खरंच, या आजारात आईच्या किंवा बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तिच्याशी वाद घालायचा नाही, 'बाळ तुझंच आहे' हे शंभरदा पटवत बसायचं नाही. बांधायचं तर मुळीच नाही. १०८ ला फोन करा नाहीतर स्वतःची गाडी काढा, आणि जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत घेऊन या, तिन्ही जिल्ह्यांत आहे. नुसता मानसोपचारवाला पुरत नाही, फिजिशियन आणि स्त्रीरोगवाले पण बघतील, कारण ताप, इन्फेक्शन, बीपी, थायरॉईड, मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ, यातूनही असंच दिसतं आणि ते आधी तपासावं लागतं. चांगली बातमी अशी की वेळेत आणलं तर हा आजार फार छान बरा होतो, बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

सव्वा महिना पाळा, खुशाल पाळा, पण तो दवाखान्यातही पाळता येतो.

आता मे महिना आहे. आजेसासू म्हणते बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं. खरं का? (धुळे)

खोटं. पंचेचाळीस डिग्रीत पाणी तोडलं तर अंग सुकतं, रक्त घट्ट होतं आणि वर सांगितली ती मेंदूतली गाठ व्हायला मदतच होते. भरपूर प्यायला द्या. सोबत जोरात डोकं दुखणं, झटका, हात-पाय जड पडणं असं काही दिसलं तर इमर्जन्सी.

सून आठ दिवसांपासून काहीबाही बोलते. गावात सगळे म्हणतात 'तिले बाहेरनं लागेल शे'. भगताने दोनदा उतारा केला, थोडा फरक वाटला. आता तिसऱ्यांदा बोलवलंय. दवाखान्यात नेलं तर लोक काय म्हणतील? (साक्री)

मावशी, फरक वाटला तो आजाराच्या चढ-उताराचा, उताऱ्याचा नाही. पाचवी पूजा, सटवाईला नैवेद्य दाखवा, कानबाईला नवस बोला, मी काही म्हणणार नाही, माझ्या आईनेही पूजलीय. पण मागे माझ्याकडे एक पोरगी एकोणिसाव्या दिवशी आली, तीन गावं फिरून, मिरच्यांची धुरी देऊन देऊन डोळे सुजलेले, छातीत दूध साचून गाठी झालेल्या आणि अंगात ताप. तो ताप कुणी बघितलाच नव्हता, सगळे भूत बघत होते. धुरी देणं, मारणं, बांधून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, भगताला हे माहीत असतं, तुम्हाला नसतं. लोक काय म्हणतील ते नातवंड मोठं झाल्यावर बघू. आजच सुनेला घेऊन या, आठ दिवस गेलेत आधीच.

मेडिकलवाल्याने झोपेची गोळी दिलीय, अर्धी-अर्धी देऊ का? (भुसावळ)

नाही. गुंगीत बाळाशेजारी झोपणं धोक्याचं, आणि खरा आजार झाकला जातो. चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानात परत जाऊ नका.

गोळ्या चालू केल्या तर दूध पाजता येतं का? आणि मोबाईलवर 'आईसाठी ब्रेन टॉनिक' पावडर दिसते, शंभर टक्के गॅरंटी म्हणतात, साइड इफेक्ट नाही. (चोपडा)

पावडरचं आधी: ज्याचा साइड इफेक्टच नाही त्याचा इफेक्ट पण नसतो, डब्याचे पैसे डिंकाच्या लाडवाला घाला. आता दुधाचं. बऱ्याच औषधांसोबत पाजता येतं, काहींसोबत नाही. लिथियम, म्हणजे मनाचे चढ-उतार आवरायची गोळी, असेल तर फार जपून, तपासण्या करत, बहुतेकदा टाळतोच. कुठलं चालेल ते बाळाचं वजन, बाळ वेळेआधी झालंय का, हे बघून ठरतं, म्हणून बाळालाही घेऊन या. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, दूध सुकवायची जी गोळी मिळते ती मनाने द्यायची नाही, ज्यांना हा आजार आहे किंवा आधी झालाय त्यांच्यात ती आजार भडकवू शकते. आणि वरचं दूध द्यावं लागलं तर द्या, आईला झोप मिळणं हे पण औषध आहे.

मी आशा आहे. घरी जाते तेव्हा बाळाचं वजन, ताप बघते. आईला नक्की काय विचारू? (नंदुरबार)

ताई, तुमचाच प्रश्न मला सगळ्यात आवडला. तुमच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी असतात ना, नेमके तेच दिवस महत्त्वाचे. सासूला बाळाच्या लंगोट्या आणायला पाठवा, दोन मिनिटं पोरगी एकटी मिळेल. विचारा, 'रातले झोप येस का?' बाळ झोपल्यावर पण येते का? मनात भीतीचे किंवा विचित्र विचार येतात का, कोणी काही बोलतंय असं ऐकू येतं का? आधी कधी मनाचा आजार झाला होता का, माहेरी कुणाला? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट ती सुटते. काही शंका आली तर वाट न बघता मेडिकल ऑफिसरला कळवा. टेली मानस या मनाच्या आजारांच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा, फुकट आहे, रात्री पण लागतो, पण दोन दिवस झोप नाही आणि भलतंच बोलतेय तर नंबर नाही, गाडी.

पहिल्या वेळी झाला होता, तीन वर्षं झाली, पूर्ण बरी आहे. दुसरं होऊ द्यायचं का? (यावल)

होऊ द्या, पण ठरवून. परत व्हायची शक्यता जवळजवळ दोनातल्या एकीला असते, म्हणून दिवस जायच्या आधीच मानसोपचार आणि स्त्रीरोग दोघांना भेटा. गोळ्या मनाने बंद करू नका. त्यातली सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर मात्र लगेच सांगा, दिवस राहिल्यावर ती बाळाला त्रास करते, बदलावी लागते.

मी स्वतः पेशंट होते. दोन महिने दवाखाना झाला, आता चार महिने ठीक आहे. घरचे बाळ माझ्याजवळ देत नाहीत, 'पागल' म्हणतात, नवरा सोडचिठ्ठीचं बोलतो. बाळ मला ओळखत नाही असं वाटतं. (अमळनेर)

ओळखेल. सहा-सात महिन्यांचं बाळ वासाने, आवाजाने, रोजच्या हातांनी माणूस शिकतं, आणि त्याचं शिकायचं वय आत्ताच आहे. सुरुवातीला रोज अंघोळ घालायचं काम तुमच्याकडे मागून घ्या, आजी शेजारी बसलेली चालेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तर आई दवाखान्यात भरती असताना सुद्धा तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तिच्यापासून तोडू नये म्हणतो, धोका असेल तेवढाच काळ सोडून. बंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात २००९ पासून आई-बाळाला एकत्रच भरती करतात. मग बरी झालेल्या आईला घरात बाळ न देणं हे कुठल्या हिशोबात बसतं? सोडचिठ्ठीच्या कागदावर सही करू नका, आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना वकील फुकट मिळतो.

गोळ्या चालू असतील तर थांबवू नका. आणि पुढच्या तपासणीला नवऱ्याला घेऊन या, सासूबाईंनाही. फाइल आणा, कुठल्या तारखेला काय होतं ते मी त्यांच्यासमोर वाचून दाखवते.