वाचकांचे प्रश्न : माणसं कुठे सुटतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही अंतराळजहाजावरची इंग्रजी मालिका बघते आहे, दोन सीझन झाले. एखादा भाग इतका चांगला असतो की रात्रभर डोक्यातून जात नाही आणि पुढचाच इतका पोरकट की बंद करावासा वाटतो. त्यातली माणसंही सारखी बदलतात. डियाना ट्रॉयला म्हणे दुसऱ्याच्या भावना कळतात, पण ऐन वेळी तिला समोरच्या लबाडाचं काहीच कळत नाही. दादा म्हणतो, तिसऱ्या सीझनपर्यंत दम धर. असं का होतं? विचारायचं आणखी एक कारण म्हणजे आम्ही मैत्रिणी मिळून ऑडिओ मालिका लिहितोय. झिरो माइलच्या दगडाखाली एक यंत्र सापडतं आणि कोराडीच्या वीज केंद्रातली एक इंजिनिअर ते चालू करते. तीन भाग सोबत पाठवते. आमचंही तसंच होतंय का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : दादाचं ऐक. पण तिसऱ्या सीझनला काय बदललं, ते कळलं तर तुमच्या लिखाणाला उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही मालिका 1987 साली सुरू झाली. पहिल्याच सीझनमध्ये 26 भाग, आणि लेखक येत होते, जात होते. त्यात जनक जीन रॉडनबेरी यांचा आग्रह असा की चोविसाव्या शतकातली माणसं सुधारलेली आहेत, ती आपसात भांडणार नाहीत. विचार म्हणून मला तो आजही आवडतो. पण जहाजावरची माणसं एकमेकांशी भिडणारच नसतील, तर लेखकाला दर आठवड्याला संकट बाहेरून आणावं लागतं आणि आतली माणसं त्या संकटाला हवी तशी वाकवावी लागतात. मग 1988 मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला, मार्च ते ऑगस्ट. दुसरा सीझन 22 भागांवर आला. त्याचा पहिला भाग सत्तरच्या दशकातल्या, कधीच न बनलेल्या मालिकेच्या जुन्या पटकथेवरून बेतला होता. शेवटच्या भागात तर जहाजाचा उपकप्तान रायकर आजारी पडून राहतो आणि आपल्याला मागच्या भागांचे तुकडे बघावे लागतात. डॉक्टरही बदलली. पहिल्या सीझनची क्रशर गेली, वर्षभर पुलास्की आली, तिसऱ्याला क्रशर परत. इतक्या धांदलीत कोणाचा स्वभाव टिकणार?

ट्रॉयचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि ते तुम्ही नीट बघा. तिची शक्तीच लेखकांच्या मुळावर आली. समोरचा खोटं बोलतोय हे तिने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, तर गोष्ट तिथेच संपते. म्हणून सुरुवातीच्या काही भागांत ती दिसतच नाही, आणि जिथे दिसते तिथे आपल्यालाही दिसणारी गोष्ट तेवढी सांगते : तो चिडलाय, तो काहीतरी लपवतोय. यात मरीना सर्टिस या अभिनेत्रीला बोल लावू नये. तिच्या हाती दिलंच काय होतं? 1992 च्या शेवटी ‘चेन ऑफ कमांड’मध्ये नवा कॅप्टन तिला सगळ्यांसारखा गणवेश घालायला लावतो. पुढे 1993 च्या ‘फेस ऑफ द एनिमी’त ती डोळे उघडते ती शत्रूच्या जहाजावर, शत्रूच्या अधिकाऱ्याच्या रूपात. तिथे नुसत्या भावना ओळखून भागत नाही. हुकूम सोडावे लागतात, धाक दाखवावा लागतो, अंगावर आलेल्याला परतवून लावावं लागतं. तिला काय येत नाही, हे लेखकांनी शोधलं आणि मग ती उभी राहिली. पण तोवर सहावा सीझन उजाडला होता, याची हळहळ मला अजून वाटते.

आता एक जागा अगदी जवळून दाखवते. पहिल्या सीझनच्या ‘डेटालोर’मध्ये डेटा हा यंत्रमानव डॉक्टर क्रशरला सांगतो की मला बंद करायचं एक बटण आहे, पण हे कोणाला सांगू नका. त्या भागापुरती सोय म्हणून आलेली गोष्ट. पुढच्या वर्षी ‘द मेझर ऑफ अ मॅन’ आला. तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकील होत्या. डेटा माणूस की मालमत्ता, यावर सुनावणी लागते आणि मित्राविरुद्ध बाजू मांडायची पाळी रायकरवर येते. नकार दिला तर निकाल थेट डेटाच्या विरुद्ध जाणार. रायकर रात्री कॉम्प्युटरवर डेटाची रचना चाळत बसतो. ते बटण सापडतं. आधी चेहऱ्यावर हसू येतं, सापडलं एकदाचं म्हणून. आणि दुसऱ्याच क्षणी, आपण काय करायला निघालोय हे कळून, चेहरा उतरतो. एक शब्द नाही. ते हसू लेखक-दिग्दर्शकांनी ठेवलं, यासाठी मी त्यांना हात जोडते, कारण रायकर तिथे चांगला वकीलही आहे आणि चांगला मित्रही. निकालानंतर तो तोंड लपवून बसतो, तेव्हा डेटाच त्याच्याकडे जाऊन सांगतो की तुला झालेल्या त्रासानेच मी वाचलो. ज्या सीझनला आपण नावं ठेवतो, त्याच सीझनमधला हा भाग आहे. आदल्या वर्षीची क्षुल्लक गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवली, म्हणून हा प्रसंग इतका लागतो.

तिसऱ्या सीझनला मायकल पिलर लेखकांचे प्रमुख झाले. त्यांनी बाहेरच्यांच्या पटकथाही वाचायला घेतल्या. रोनाल्ड मूर तिथूनच आला. गोष्ट जहाजावरच्या कोणाची आहे, हा प्रश्न पिलर आधी विचारत. 1990 मध्ये बोर्ग हे अर्धयांत्रिक शत्रू जहाजाच्या कॅप्टन पिकार्डला पळवून त्याला आपल्यातला एक करतात. तो सुटतो, आणि पुढच्याच ‘फॅमिली’ या भागात मूर त्याला फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यावर भावाकडे पाठवतो. तिथे दोघं भाऊ चिखलात मारामारी करतात आणि पिकार्ड रडतो. आधीच्या पद्धतीने तो पुढच्या आठवड्यात चहाचा कप घेऊन तयार असता.

सगळंच सुधारलं असं नाही. जहाजावरचा सुरक्षा अधिकारी वॉर्फ, त्याचं उदाहरण घे. घराण्याच्या बदनामीची त्याची गोष्ट दीड वर्ष सुरेख चालते, पण त्याला पोरगा आहे हे लेखकांना सोयीने आठवतं. शिवाय नवा शत्रू किती ताकदवान ते दाखवायचं झालं की पहिला मार वॉर्फनेच खायचा!

आता तुमचे तीन भाग. तुमची इंजिनिअर पहिल्या भागात मला फार आवडली. बॉयलर ट्रिप झाल्यावर सगळे ओरडत असताना ती आधी घड्याळ बघते आणि वेळ लिहून ठेवते. मग तिसऱ्या भागात यंत्राचा दिवा लागताच ती किंचाळून का पळते? तुम्हाला यंत्र एकटं सोडायचं होतं म्हणून. तिला पळवू नका. तिला तिथून हलवणारं दुसरं काही शोधा, किंवा तिला तिथेच राहू द्या आणि गोष्ट वळवा. दुसरं, मे महिन्यात भर दुपारी ती बर्डीवरून झिरो माइलपर्यंत दुपट्टा न बांधता चालत जाते. आपल्याकडची बाई? तिची आजी तर खिशात कांदा ठेवल्याशिवाय तिला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही.

मी आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहीत असे, तेव्हा प्रत्येक पात्राचं एक पान ठेवायची : त्याच्यावर काय गुदरलं, ते कोणाकोणाला माहीत आहे, आणि तो काय कधीच करणार नाही. तुम्ही जणी भाग वाटून लिहिता, तेव्हा ही वही एकीकडेच राहू दे आणि प्रत्येकीने आपला भाग सुरू करण्याआधी ती वाचावी. आणि नावं झाकून संवाद मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही. सध्या तुमची इंजिनिअर आणि तिचा साहेब अगदी एकसारखे बोलतात. चौथा भाग लिहून झाला की पाठव.

प्रश्न : याच मालिकेचा पहिला सीझन सरळ गाळला तर चालेल का?
— एक वाचक, धंतोली

उत्तर : पूर्ण गाळू नका. अगदी पहिला भाग बघाच, कारण त्यात माणसांवर जो खटला भरला जातो, त्याच खटल्याकडे 1994 चा शेवटचा भाग परत जातो. ‘डेटालोर’ही बघा, का ते वर आलंच आहे. बाकीचे भाग सवडीने बघितले तरी चालतील.