प्राथमिकच्या मुलांना निसर्गातली आणि समाजातली 'व्यवस्था' (सिस्टिम, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या गोष्टींची जोडणी) कशी समजावावी?

व्याख्येने सुरुवात करू नका, ती डोक्यावरून जाते. मुलांना गोलात उभं करून एकाच सुतळीने जोडा: समुद्री ऊद (सी-ऑटर, समुद्रातलं पाणमांजर), सी-अर्चिन (उदाचं खाद्य असलेला काटेरी समुद्री जीव), केल्प (मोठं समुद्री शेवाळ), मासा. मग उदाला सुतळी सोडायला लावा. ऊद गेला की अर्चिन वाढतात, केल्प फस्त करतात, माशांचा आसरा जातो. उत्तर पॅसिफिकमध्ये फरसाठी उदांची बेसुमार शिकार झाली, तेव्हा हेच घडलं. १९११च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळालं, हेही जरूर सांगा. मुलांना नुसता विनाश ऐकवू नये. हातातली सुतळी सैल पडली की मुलं आपणहून विचारतात, "मग पुढे?" त्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या.

समाजासाठी शाळेतला नळ पुरे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, पंप चालवणारा एक दिवस आलाच नाही तर? चित्र मुलांनाच काढू द्या.