झागोराच्या घरांचा अभ्यास सुरू करताना

ग्रीक बेटांवरील प्राचीन वस्त्यांचा अभ्यास आपण नव्याने करत असाल, तर मंदिरांआधी घरांकडे वळावे, आणि त्यासाठी आन्द्रोस बेटावरील झागोरा निवडावे, असे मी आग्रहाने सुचवेन. इ.स.पू. 700च्या सुमारास ओस पडलेल्या या वस्तीवर पुढे दुसरे गाव वसले नाही, त्यामुळे इ.स.पू. आठव्या शतकातील घरांचे आराखडे तेथे विलक्षण स्पष्ट दिसतात. केवळ खोल्या मोजू नका. कोणती भिंत आधीची, कोणती नंतर तिला टेकवून बांधलेली, हे तपासा, कारण एकाच खोलीच्या घरांतून अंगणाभोवतीची अनेक खोल्यांची घरे कशी घडली, हे त्या सांध्यांतूनच उलगडते. रांजण बसवण्यासाठी भिंतीलगत बांधलेले दगडी ओटे मला सर्वांत बोलके वाटतात: साठवण कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. मात्र गाव सोडणारे लोक उपयोगी वस्तू सोबत नेतात, म्हणून रिकामी खोली म्हणजे गरीब घर, असा निष्कर्ष काढू नये. सामूहिक ओळखीसाठी तटबंदीबरोबरच वस्तीतील उघड्यावरच्या वेदीचाही विचार करा. घरे ओस पडल्यानंतरही लोक तेथे उपासनेला येत राहिले, आणि इ.स.पू. सहाव्या शतकात त्या वेदीला सामावून घेणारे मंदिर उभारले गेले.