सही दिल्लीत, भाव आडतीवर

प्रश्न : परदेशाशी व्यापार करार झाला, की तो लगेच आपल्याकडं कायदा होतो का? – सोयाबीन उत्पादक, औसा

उत्तर : नाही, दादा. सहीनं सरकार कराराला बांधलं जातं. देशातला कायदा आपोआप बदलत नाही. बदल हवा असेल तर संसद राज्यघटनेच्या कलम २५३ खाली कायदा करू शकते, अगदी शेतीसारख्या राज्यांच्या विषयावरही. पण आयातशुल्क कमी करायला तेवढंही लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी करारावर सही १८ फेब्रुवारी २०२२ ची, अंमल १ मेपासून. शुल्कसवलत आली ती सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खालच्या अधिसूचनेनं, म्हणजे सरकारनं काढलेल्या जाहीर आदेशानं. ती मी छापून घेतली, तर पानंच्या पानं नुसते आकड्यांचे रकाने! आधी संसदेत चर्चा नाही, हे मला मनापासून खटकतं. तुम्ही खासदारांना करारापेक्षा अधिसूचनेबद्दल विचारा.