डिस्क निम्मी रिकामी असूनही लिनक्स सर्व्हर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ का म्हणतो?

तुम्ही लिहिलंय की डिस्कचा वापर दाखवणाऱ्या ‘डीएफ -एच’ कमांडमध्ये ४२ टक्केच वापर दिसतो, तरी फाइल सेव्ह होत नाही. लॉग पुसत बसू नका, आधी ‘डीएफ -आय’ चालवा. तिथे १०० टक्के दिसले तर जागा नव्हे, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत.

लासलगावला ओटा रिकामा आहे, पण पावती पुस्तकच संपलं तर तुमचा कांदा कोण उतरवून घेणार? आयनोड म्हणजे ती पावती. फाइल शून्य बाइटची असली तरी एक लागतेच. एक्स्ट-४ या फाइल-सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) हा आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो, साधारण दर १६ केबीमागे एक. म्हणजे २० जीबीच्या डिस्कवर तेरा लाखांच्या आसपास. नंतर फाइल-सिस्टिम मोठी केल्याशिवाय तो वाढत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल-सिस्टिममध्ये आयनोड लागतील तसे तयार होतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नाशिकमधल्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची हिशेबाची वेबसाइट मी सांभाळतो. ऐन हंगामात बागायतदारांना लॉगिनच होईना. मी रात्री दोनपर्यंत जुने बॅकअप उडवत होतो. सहा जीबी मोकळे झाले, एरर तिथेच! सकाळी चहा घेताना ‘डीएफ -आय’ आठवलं.

चूक माझीच होती. पीएचपीच्या सेशन फाइल्सचा (कोण लॉगिन आहे हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइल्स) फोल्डर मी कोडमधूनच बदलला होता. डेबियन-उबंटूवर पीएचपीची स्वतःची सफाई बंद असते; ते काम एक वेगळी स्क्रिप्ट करते, आणि माझा फोल्डर तिच्या गावीही नव्हता. चिमूटभर आकाराच्या लाखो फाइल्स साचल्या होत्या.

नेमका फोल्डर शोधायला रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन ‘डीयू --आयनोड्स -एक्स /’ चालवा आणि आउटपुट ‘सॉर्ट -एन’मधून काढा, सगळ्यात जास्त आयनोड खाणारे फोल्डर तळाशी येतील. तिथे ‘आरएम *’ केलंत तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून हात वर करेल. ‘फाइंड’ला ‘-टाइप एफ -एमटाइम +२’ द्या, यादी डोळ्यांखालून घाला, आणि मगच शेवटी ‘-डिलीट’ जोडा. हा ‘-डिलीट’ चुकून आधी लिहिलात तर अटी बघायच्या आतच सगळं साफ. घाईत हेच होतं.

आयनोडही शिल्लक असतील तर त्याच फोल्डरमध्ये ‘टच’ने एक रिकामी फाइल करून बघा. ती झाली, पण ‘टेल -एफ’ किंवा नोड-जेएसचा वॉचर (फाइल बदलली का ते बघत बसणारा प्रोग्राम) तीच एरर देतोय, तर तो डिस्कचा प्रश्नच नाही, आयनोटिफायची, म्हणजे लिनक्सच्या फाइल्सवर नजर ठेवायच्या सोयीची, मर्यादा संपलीय. ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस’ वाढवा.

आणि उलट प्रकार, म्हणजे ‘डीएफ’ भरलेली दाखवतो पण ‘डीयू’ची बेरीज जुळत नाही, तेव्हा ‘एलएसओएफ +एल१’ बघा. पुसलेली लॉग फाइल कुठलीतरी प्रोसेस उघडी धरून बसलेली असते. ती रीस्टार्ट केली की जागा सुटते.

‘/टेम्प’ (तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर) वेगळा माउंट, म्हणजे स्वतंत्र फाइल-सिस्टिम म्हणून जोडलेला, असेल तर त्याची ओळ वेगळी बघा. ‘डीएफ -आय’चा पूर्ण आउटपुट टाका, मग पुढचं सांगतो.